ब्लू केटलचे सात वाईट अल्बम

बाह वानशान खारबुलीच्या टॅक्सीत बसायचं असेल तर कान घरी ठेवून निघावं, असं शिलाँगच्या लाइतुमख्रा वस्तीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल. काळी-पिवळी मारुती. मागे तिघं, पुढे एक, आणि पोलीस नसेल तर पुढेही दोघं. चढावर गाडी कण्हते, पण ते कुणाला ऐकू येत नाही, कारण आत ब्लू केटल या बँडची कॅसेट चालू असते. कधी चौथा अल्बम, कधी सहावा. तुमचं नशीब फारच फुटकं असेल तर पाचवा.

पहिला मात्र कधीच नाही. एकदा एका कॉलेजच्या मुलीनं लाडीगोडी लावून, बाह म्हणजे दादा अशी हाक मारून विचारलं, "बाह, 'फॉग लाइट' लावा ना. तो किती भारी आहे!" वानशान आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला, "भारी आहे म्हणून तर सगळे लावतात. त्याला माझी काय गरज?"

आता मी कोण, तेही सांगून टाकतो, नाहीतर दुसरं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल. मी किटबोक सोहतुन. 'फॉग लाइट'वर ड्रम मी वाजवलेत. एक्क्याण्णव साली तो अल्बम आला तेव्हा शिलाँगमध्ये ज्या खिडकीतून तो ऐकू येत नव्हता ती खिडकी बंद असायची. आमच्या पाद्रीसाहेबांनी हे सगळं सैतानाचं आहे असं रविवारी जाहीर केलं, आणि त्यांच्याच मुलीनं सोमवारी दोन कॅसेट घेतल्या. एक झिजली तर असावी म्हणून. पुढच्या वर्षी मी बँड सोडला आणि टायर पंक्चरचं दुकान टाकलं. दुकान उत्तम चाललं. टायरचं एक बरं असतं, तो पुन्हा पुन्हा पंक्चर होतो आणि दर वेळी लोक तुमच्याकडेच येतात. गाण्याचं तसं नाही.

बाकीचे तिघं थांबले नाहीत. म्हणजे खरं तर स्टारवेल पिंगरोप थांबला नाही. गाणारा तो, गाणी लिहिणारा तो, आणि हट्टीही तोच. दुसऱ्या अल्बममध्ये त्यानं बासरी घातली; बँडमध्ये कुणालाच बासरी येत नव्हती, वाजवणाऱ्यालाही नाही. तिसऱ्यात कोळशाच्या खाणींवर चौदा मिनिटांचं गाणं. चौथा दोन भाषांत होता आणि दोन्हींत कळत नव्हता. पाचव्यात मेव्हणा घेतला. सहाव्यात ड्रमवाला पळून गेला म्हणून मशीन आणलं. सातव्याबद्दल आणि आठव्याबद्दल लोक बोलतच नाहीत, फक्त एकमेकांकडे बघतात.

या सात अल्बमचे सातही कार्यक्रम झाले आणि सातही वेळा पहिल्या रांगेत बाह वानशान होता. एकदाच फक्त हॉल भरलेला होता, चौथ्याच्या वेळी. त्याचं कारण निराळं. कुणाच्या तरी स्वप्नात किटली आली, तिच्यावरून त्यानं तीरच्या, म्हणजे लागलेले बाण मोजून आकडा काढायच्या, खेळात पैसे लावले, आणि तो लागला. मग सगळी वस्ती स्टारवेलच्या तोंडून नवा आकडा निघतो का, हे बघायला आली. लोक गाण्यातले शब्द बोटांवर मोजत होते. स्टारवेलला वाटलं, ताल धरलाय. रडला बिचारा स्टेजवर.

वानशानचं हे वेड ब्लू केटलपुरतंच असतं तरी ठीक होतं. पण त्याच्याकडे एक अख्खं खोकं आहे, आणि त्यात जगभरातले असले बँड भरलेत ज्यांना आयुष्यात एकदाच जमलं. वेल्सचे, जपानचे, एक कुठलासा फिनलंडचा. गुवाहाटीच्या एका दुकानदाराला त्यानं सांगून ठेवलं होतं की यांचा नवा माल आला की कळव. दुकानदार कळवायचा, आणि वर म्हणायचा, "बाबा, दुसरं कुणी घेत नाही हे, तू का घेतोस?" वानशान म्हणायचा, "म्हणूनच."

लग्न झाल्यावर, आमच्यात असतं तसं, तो बायकोच्या घरी राहायला गेला. जावयानं येताना काय आणलं तर ते खोकं. सासू, काँग थेइलिन, हिची जीभ म्हणजे नुसती सुरी. ती बाजारात उभी राहून सांगायची, "थोरल्या जावयानं शिवणयंत्र आणलं. हा धाकटीचा. यानं चार माणसं आणली, तीपण बेसूर." ईबासुक, त्याची बायको, हसायची. वानशान काहीच बोलायचा नाही. तो मुळात बोलतच कमी. चेहरा असा की वाढदिवसाच्या फोटोतही वाटावं, याचं कुणीतरी नुकतंच गेलंय.

हा चेहरा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्यामुळेच झाला.

आमच्या वस्तीत कुणी गेलं तर शेजारीपाजारी त्या घरी क्वाय घेऊन जातात. क्वाय म्हणजे सुपारी, पान, चुना. बरोबर चहापत्ती आणि साखर, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा द्यावा लागतो. आणि कुणाकडे बाळ झालं तरीही हेच पुडकं न्यायचं. पुडकं एकच. आनंदाचं की दुःखाचं, ते आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळतं.

दुसरा अल्बम आला, कार्यक्रम झाला, आणि पुढच्या रविवारी वानशान असं एक पुडकं घेऊन स्टारवेलच्या घरी गेला. वाटेत माझ्या दुकानाशी थांबला होता.

"कुठे?" मी विचारलं.

"स्टारकडे."

"कोण गेलं त्यांच्यात?"

"तू ऐकलास ना अल्बम?" तो म्हणाला. "मग विचारतोस काय? जायला नको का भेटायला?"

मी इतका हसलो की हातातला जॅक पायावर पडला. त्यानंतर दर अल्बमनंतर वानशान ते पुडकं घेऊन माझ्या दुकानावरून जायचा आणि मी आतून ओरडायचो, "आमचाही नमस्कार सांग घरच्यांना! धीर धरा म्हणावं!" असं आणखी सहा वेळा.

आता झालं असं. गेल्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी, स्टारवेल स्वतः दुकानात आला. त्याचं येणं म्हणजे नवलच. मी बँड सोडल्यापासून आमचं रस्त्यात मान हलवण्याइतकंच होतं. टायर ठीक होते. तो स्टुलावर बसला, मी दिलेली क्वाय तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत राहिला.

"मला नोकरी आलीय," तो म्हणाला. "मिशनच्या शाळेत, वयाची अट नाही. संगीत शिकवायचं. पगार आहे, पेन्शन आहे."

"मग वाईट काय त्यात?"

"बँड बंद करायचा, अशी अट आहे. सोमवारपर्यंत सांगायचंय."

मी त्याच्याकडे बघितलं. एकसष्ट वर्षांचा माणूस. केस पांढरे झालेले, तरी मागे बांधलेले. बुटाला दोन ठिकाणी टाके. मी म्हटलं, "बाह स्टार, मग धावत जा ना. सोमवार कशाला?"

"मी कधीच गेलो असतो रे. मी तर पंच्याण्णव सालीच थांबणार होतो, दुसऱ्या अल्बमनंतरच. एक कुत्रं फिरकलं नाही. घरात बसून होतो, ठरवलं की गिटार विकायची. आणि तेवढ्यात दारात वानशान. हातात पुडकं, चेहरा नेहमीचाच, त्यावरून काय कळणार? मी म्हटलं, अरे, निदान एका माणसाला तरी बाळ झाल्यासारखं वाटलंय!" त्यानं डोळे पुसले. "प्रत्येक वेळी, किट. सातही वेळा. अख्खं शिलाँग गप्प बसलं की हा साखर घेऊन येतो. काही बोलत नाही, बसतो, चहा पितो आणि जातो. एवढा जीव लावणाऱ्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू की मी थांबतोय? मोडून जाईल तो. त्यापेक्षा नोकरी गेली खड्ड्यात. नववा अल्बम करतो त्याच्यासाठी."

क्वाय माझ्या घशात अडकली. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. स्टारवेलला वाटलं, मीही हेलावलोय. त्यानं माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी स्टँडवर जाऊन मी वानशानला गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यानं गाडीतलं गाणं बंद केलं.

"म्हणजे ते अल्बम माझ्यामुळे झाले?" तो म्हणाला.

"सहा तरी नक्कीच. दुसरा त्यानं स्वतःच्या हिमतीवर केला."

"आणि मी जायचो का, माहितीय? मला वाटायचं, तो एकटा पडेल. मी नाही गेलो तर कोण जाणार?" त्यानं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. हॉर्न वाजला. पुढच्या टॅक्सीवाल्यानं शिवी दिली. "किट, प्रत्येक वेळी मी देवाला म्हणायचो, आता तरी याला थांबव."

"देवानं ऐकलं. शाळेतून पत्र पाठवलं. आता तू सांग त्याला."

"मी नाही सांगू शकत. तीस वर्षं होत आली. आता तोंड वर करून सांगू की एकही आवडला नाही? तो मरेल."

"नाही सांगितलंस तर पगार जाईल, पेन्शन जाईल, आणि नववा अल्बम येईल. सॅक्सोफोनचं चाललंय त्याच्या डोक्यात."

वानशानचा चेहरा पांढराफटक पडला. "सॅक्सोफोन? वाजवणार कोण?"

"मेव्हणा."

शनिवारी दुपारी मी दोघांनाही दुकानात बोलावलं. शटर अर्धं ओढलं, बिनदुधाचा लाल चहा केला, बशीत तांदळाचे पुथारो ठेवले. मला या सगळ्याची फार मजा वाटत होती, हे कबूल करतो. आयुष्यभर ज्या दोघांची टिंगल केली, त्यांचा शेवटचा अंक आपल्याच दुकानात, फुकटात, आणि आपण पहिल्या रांगेत.

वानशाननं कपाला हातही लावला नाही. तो उभाच होता. "बाह स्टार," तो म्हणाला, "शाळेत जा."

"तुझं मन मोठं आहे," स्टारवेल म्हणाला. "पण मी तुला असा सोडून—"

"मला ते अल्बम आवडले नाहीत."

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. चार-पाच किका ऐकू आल्या.

"कुठला?" स्टारवेलनं विचारलं.

"सगळे. फॉग लाइट सोडून."

"सात?"

"सात."

"मग ती साखर?"

वानशाननं मान खाली घातली. "तुझ्या घरी दुःख झालंय असं वाटायचं. म्हणून यायचो."

मला वाटलं होतं, स्टारवेल आधी चिडेल आणि मग सुटलो बुवा म्हणून हसेल. सुटकाच हवी होती ना त्याला? पण सुटका मागणं वेगळं आणि कुणी ती हातात ठेवणं वेगळं. तो म्हातारा झाला डोळ्यांसमोर. खांदे उतरले. "एकही गाणं नाही?" तो म्हणाला. "पन्नासच्या वर गाणी आहेत, वान. एकसुद्धा नाही?"

वानशाननं खरोखर विचार केला. तो विचार करतोय हे दिसत होतं. "पाचव्यात आहे एक. शेवटून दुसरं. नदीवरचं. ते चांगलं आहे. अगदी चांगलं."

"ते मेव्हण्यानं केलंय."

मी फिसकन हसलो. मला आवरलंच नाही. दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

"मग येतच कशाला होतास?" स्टारवेल पुन्हा वानशानकडे वळला. "दोन अल्बम झाले, तीन झाले. माणूस कंटाळतो. लोक कंटाळलेच. तू का नाही?"

वानशान इतकं सलग बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. "एक्क्याण्णवला माझा भाऊ गेला," तो म्हणाला. "ट्रक दरीत गेला, जोवाईच्या रस्त्यावर. मी तीन महिने अंथरुणातून उठलो नाही. आई भाताचं ताट दाराशी ठेवून जायची आणि तसंच उचलून न्यायची. मग शेजारच्यांनी तुझी कॅसेट लावली, भिंतीपलीकडे. दिवसभर तीच. चौथ्या का पाचव्या दिवशी मी उठलो, त्यांच्या दारात गेलो आणि म्हटलं, आवाज वाढवा. ज्यानं मला उठवलं, त्याला दुसऱ्यांदा जमलं नाही म्हणून सोडून देऊ? पुन्हा जमलं नाही तर नाही जमलं. मी काय हिशोब मागायला येत होतो का तुझ्याकडे?"

स्टारवेल उठला आणि त्यानं वानशानचे दोन्ही हात धरले. मग, का कोण जाणे, तो माझ्याकडे वळला. बहुधा त्याला कुणाचा तरी राग यायला हवा होता आणि वानशानचा येत नव्हता.

"आणि तू? तूही सांगून टाक. सातांत सगळ्यात वाईट कुठला?"

"पाचवा," मी लगेच म्हणालो.

"का?"

"का म्हणजे? सगळेच म्हणतात."

"सगळे जाऊ देत. तुला काय खटकलं? पहिलंच गाणं घे. काय वाईट आहे त्यात?"

मी तोंड उघडलं. मला पहिलं गाणं माहीत नव्हतं. दुसरंही नाही. बासरी, चौदा मिनिटं, मेव्हणा, मशीन, हे सगळं मी टॅक्सीवाल्यांकडून, गिऱ्हाइकांकडून ऐकलेलं होतं. दुकानासमोरून वानशानची गाडी जायची तेव्हा मी कॉम्प्रेसर चालू करायचो.

स्टारवेल माझ्याकडे बघत राहिला. "तू ऐकलेच नाहीस," तो म्हणाला. "एकही."

मी म्हटलं, "दुकानातून वेळ कुठे मिळतो." माझं मलाच ऐकून लाज वाटली.

त्यानं छत्री उचलली, शटरखालून वाकला. बाहेरूनच वानशानला म्हणाला, "सोमवारी सांगतो त्यांना हो म्हणून." मला काहीही म्हणाला नाही. वानशानच्या खरं बोलण्यानं तो दुखावला होता, पण तरी त्यानं त्याचे हात धरले होते. माझ्या हसण्याचं उत्तर म्हणून तो फक्त गेला.

आम्ही दोघं उरलो. चहा गार झाला होता. वानशान स्टुलावर बसला आणि त्यानं हातांत तोंड लपवलं. "आता वाट कशाची बघू?" तो म्हणाला. "दर तीन-चार वर्षांनी वाटायचं, या वेळी जमेल. आता तेही गेलं."

मी म्हटलं, "गाडीत दुसरा आहे का? दुसरा अल्बम?"

"आहे."

"लाव."

"वाईट आहे, किट."

"माहीत आहे. लाव."

गाडी दुकानासमोरच उभी होती. आम्ही काचा अर्ध्या वर करून बसलो. त्यानं कॅसेट ढकलली. बासरी आली, आणि लोक तिच्याबद्दल जे सांगतात ते कमीच आहे. वानशान शेजारून म्हणाला, "इथं बघ, त्याला काहीतरी वेगळं करायचं होतं. जमलं नाही, पण करायचं होतं." मग ड्रम आले.

माझी एक खोड आहे. कडवं संपत आलं की मी घाई करतो. अर्धा ठोका आधीच पोचतो, आणि मग सगळ्यांना माझ्यामागे धावावं लागतं. 'फॉग लाइट'च्या वेळी स्टारवेलनं यावरून मला रोज शिव्या घातल्या होत्या. आणि आता या कॅसेटमध्ये कुणीतरी कडव्याच्या शेवटी घाई करत होतं. बरोबर तिथंच. बरोबर अर्धा ठोका.

"हा कोण वाजवतोय?"

"तेव्हा तो सिएमलिएंचा धाकटा होता."

"माझ्यासारखं वाजवतोय."

"सगळेच तसं वाजवतात," वानशान म्हणाला. "स्टार प्रत्येक नव्या ड्रमवाल्याला आधी फॉग लाइट ऐकवायचा. म्हणायचा, असंच वाजव, चुकांसकट. किट परत आला तर त्याला बसायला जागा ओळखीची वाटली पाहिजे. सहाव्यात मशीन होतं ना? त्या मशीनला घाई करायला शिकवण्यात एक महिना गेला. म्हणून तर तो अल्बम तसा झाला."

"सातही?"

"सातही. मला वाटायचं, तुला माहीत असेल." त्यानं टेपचा आवाज जरा कमी केला. "मला वाटायचं, माहीत असून तू जात नाहीस."

मी का सोडलं बँड, ते कुणी विचारलं तर मी टायरचं सांगतो. खरं हे की 'फॉग लाइट' झाला त्याच दिवशी मला कळलं होतं, याच्या वर आपल्याला कधी जाता येणार नाही. आणि लोकांसमोर खाली येताना दिसण्यापेक्षा मी पळालो. बाकीचे खाली आले, सात वेळा, आणि दर वेळी माझी खुर्ची बरोबर घेऊन आले. मी मात्र दुकानातून त्यांना हसत होतो.

बासरी पुन्हा सुरू झाली. वानशाननं बटणाकडे हात नेला. "बंद करू?"

"नको," मी म्हटलं. "हा संपला की तिसरा लाव."

समोरून ओळखीचं गिऱ्हाईक आलं, हातात पंक्चर टायर. दुकान बंद आहे असं मी हातानं सांगितलं, आणि काच पूर्ण वर केली.